नानांच्या गाडीचे ब्रेक

शनिवारी संध्याकाळी वाईच्या एसटी स्टँडसमोर नानांनी गाडी थांबवली आणि पत्र्यावर खिळा ओढावा तसा आवाज झाला. शेंगदाणेवाला पुडी बांधता बांधता थांबला. बाकड्यावर पेंगणाऱ्या एका म्हाताऱ्यानं डोळे न उघडताच शिवी हासडली. नाना मात्र काच खाली करून हसत होते.

"या, या शिरीषराव! अनुजा, दोघंही मागंच बसा हं. पुढच्या सीटवर जरा सामान आहे."

पुढच्या सीटवर सामान असं काहीच नव्हतं. एक सोलापुरी चादर होती, गोल गोल गुंडाळून चुंबळीसारखी मांडलेली. मी ती उचलायला हात घातला, तर नाना घाईनं म्हणाले, "असू द्या, असू द्या. ती तिथंच असते."

"नाना, ब्रेक लागतात ना?" मी मागं बसत विचारलं.

"लागतात की. जरा ओरडून लागतात, एवढंच."

नाना म्हणजे माझे सासरे. वाईच्या शाळेत त्यांनी आयुष्यभर भूगोल शिकवला. सासूबाई जाऊन वर्ष होऊन गेलं होतं आणि ते एकटेच राहत होते. मे महिना होता आणि नेमका धोंड्याचा महिना आला होता. अधिक मासात जावई म्हणजे साक्षात विष्णू. त्याला जेवायला बोलवायचं आणि तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं. अनुजानं फोनवर बजावलं होतं, "बाबा, यंदा काही करायचं नाही. आई नाही, कोण करणार?" त्यावर नाना एवढंच म्हणाले होते, "बरं. नुसतं जेवायला तरी या."

जेवायला तर आम्ही आलोच होतो, पण खरं काम वेगळं होतं. गणपतीत नानांनी फाटकाच्या खांबाला गाडी घासली होती. तेव्हापासून अनुजा आणि बंगळूरला असलेला तिचा भाऊ प्रसन्न, दोघांनी एकच घोशा लावला होता: बाबांची सत्तरी उलटली, एकटे असतात, आता गाडी नको. सरळ सांगितलं तर नाना ऐकणार नाहीत. म्हणून जावयानं 'आठवडाभर नेतो' म्हणून गाडी न्यायची आणि परत आणायची नाही. जावयाला नाही कोण म्हणणार? या कामगिरीसाठी आम्ही आमची गाडी पुण्याला ठेवून एसटीनं आलो होतो. आणि आता ही बया अशी किंचाळत होती. अशा ब्रेकवर खंबाटकीच्या बोगद्यापुढचा उतार उतरणं म्हणजे विकतचं दुखणं.

रविवारी सकाळी मी बाळू मिस्त्रीच्या गॅरेजवर गेलो. शटर बंद. शेजारचा चहावाला म्हणाला, "बाळू सासरवाडीला गेलाय, भोरला. धोंडं जेवायला. आज कोन जावई घरी घावनार न्हाई तुम्हाला."

सुटे भाग विकणारं दुकान मात्र उघडं होतं. पुढच्या चाकांच्या ब्रेक पॅडचा जोड घेऊन मी घरी आलो आणि फाटकातूनच जाहीर केलं, "नाना, मीच बदलतो. घरच्या घरी."

आता थोडं माझ्याबद्दल. मी तेव्हा विमा कंपन्यांसाठी अपघातात सापडलेल्या गाड्यांची पाहणी करायचो. गाडी बघायची, मालक काय सांगतो ते ऐकायचं, आणि दोन्हींचा मेळ बसतो का ते शोधायचं. त्यामुळे ब्रेकच्या आत काय असतं ते मला तोंडपाठ होतं. पण उघडलेल्या गाड्या बघणं वेगळं आणि आपण गाडी उघडणं वेगळं. पोहणं पुस्तकात वाचलेला माणूस कृष्णेच्या डोहावर उभा राहावा, तशी माझी गत होती. ते अर्थातच मी कुणाला सांगितलं नाही.

अंगणातल्या आंब्याच्या सावलीत गाडी घेतली. मागच्या चाकांना दगड लावले, जॅक चढवला आणि चाक काढलं. मी जमिनीवर बसणार, तेवढ्यात नाना लगबगीनं आत गेले आणि देवघरातला पाट घेऊन आले.

"यावर बसा."

"नाना, ग्रीसचे डाग पडतील."

"पडू देत. धोंड्याच्या महिन्यात जावई भुईवर बसला तर लोक काय म्हणतील?"

तेव्हा मी पितळी फुल्यांच्या पाटावर मांडी ठोकून गाडीच्या चाकाशी बसलो. समोर रांगोळी तेवढी राहिली होती. नाना शेजारी उकिडवे बसले आणि माझ्या हाताकडे टक लावून बघू लागले. त्यांना जे दिसेल त्याचं कुतूहल. वर्गात पोरं त्यांना प्रश्न विचारायला घाबरायची म्हणे, कारण उलट दहा प्रश्न यायचे.

"ही गोल तबकडी चाकाबरोबर फिरते, ही डिस्क," मी सांगू लागलो. "हा वरचा पंजा, हा कॅलिपर. आपण पायानं ब्रेक दाबला की नळीतून तेल येतं, पंजातला हा दट्ट्या बाहेर ढकलतं, आणि दोन्ही पॅड तबकडीला दोन बाजूंनी चिमटीत धरतात."

"म्हणजे माझ्या पायाचा जोर तेलातून इथवर येतो?"

"बरोबर."

"वा!" नाना म्हणाले. कौतुक तेलाचं होतं, माझं नव्हतं.

पंजाचा खालचा बोल्ट सोडवला, पंजा वर उचलला, त्याची नळी ताणली जाऊ नये म्हणून सुतळीनं बांधला आणि जुने पॅड बाहेर ओढले. हातात आले तेव्हा मी बघतच राहिलो. घासायचा थर संपलाच होता. नुसतं लोखंड उरलं होतं आणि लोखंडावर लोखंड घासत होतं. तबकडीवर चरे पडले होते आणि तिच्यावर निळसर झाक होती.

"नाना, हे पॅड कधी टाकले होते?"

"दिवाळीत. बाळूनंच बदलले."

"दिवाळीत? या दिवाळीत?"

"हो. का?"

गावात फिरणाऱ्या गाडीचे पॅड असे दिवाळी ते मे महिन्यात संपत नाहीत. ते सोडा, ती निळी झाक मला चांगली ओळखीची होती. लांबच्या लांब उतारावर सतत ब्रेक दाबून धरला की तबकडी तापते आणि असा रंग धरते. अशी तबकडी मी विम्याच्या कागदांबरोबर फोटोत खूपदा पाहिली होती, आणि तिच्याबरोबर दरीत गेलेली गाडीसुद्धा.

"गाडी कुठं कुठं नेता, नाना?"

"कुठं नेणार? मंडई. बँक. चतुर्थीला गणपती."

"आणि?"

"आणि काय? संपली वाई."

नाना आंब्याकडे बघत बोलत होते. माझ्या धंद्यात माणूस उत्तर देताना झाडाकडे बघायला लागला की मी वहीत खूण करायचो. त्यांच्या उजव्या मनगटाकडेही माझं लक्ष गेलं. तिथं भाजल्याचा ताजा डाग होता.

"हे काय झालं?"

"ते? सायलेन्सरचा चटका."

"गाडीचा सायलेन्सर तर खाली असतो. तिथं हात कसा गेला?"

"वाकलो होतो," नाना म्हणाले आणि उठून चहा आणायला गेले.

चहाचा कप घेऊन आली ती अनुजा, गाल फुगवून. "बाबा मला स्वयंपाकघरात पाऊल टाकू देत नाहीयेत. म्हणे पोळीभाजी केंद्रातून डबा येणार आहे, तू ओसरीवर बस. माझ्याच घरात मी पाहुणी!"

मी आवाज खाली आणला. "पसरणीचा घाट चढून वर, पाचगणीला कोण आहे तुमचं?"

"माईमावशी. आईची मोठी बहीण. का?"

"नाना जातात तिच्याकडे?"

अनुजा हसली. "बाबा? आणि माईमावशीकडे? 'माझ्या बहिणीला भूगोलाचा मास्तर बघितलात' असं ती लग्नातच म्हणाली होती. दोघं एका खोलीत आले की आई मधे बसायची. आई गेल्यावर तर बोलणंच नाही. तिचे गुडघेही गेलेत, ती खाली येत नाही."

"तुझे बाबा पसरणीचा घाट उतरतायत. एकदा-दोनदा नाही, वरचेवर."

अनुजाचा चेहरा उतरला. "शक्यच नाही. मला शब्द दिलाय त्यांनी, घाटात जाणार नाही म्हणून. आणि जाऊन करणार काय?"

ते मलाही कळत नव्हतं. एकट्या सासऱ्याबद्दल जावयाच्या मनात येऊ नये असा एक विचार येऊन गेला, आणि मी तो चहाबरोबर गिळला. अनुजा कप घेऊन जाताना म्हणाली, "काहीही असो, आज गाडी न्यायचीच. आता तर नक्कीच."

नाना परत आले आणि आम्ही पुढच्या कामाला लागलो. नवे पॅड जाड, पंजातली फट अरुंद. बाहेर आलेला दट्ट्या परत आत ढकलल्याशिवाय ते बसणार नव्हते. मी दोन्ही अंगठे लावून जोर केला. दट्ट्या ढिम्म. पुन्हा केला. कपाळावर घाम आला. नाना एकदा दट्ट्याकडे, एकदा आपल्या पायाकडे बघत होते. शेवटी न राहवून मीच म्हणालो, "बोला की नाना, तुमच्या मनात काहीतरी आहे."

"नाही, तुम्ही जाणकार. जावयाला काय सांगायचं?"

"सांगा हो."

"नाही म्हणजे, माझा पाय अंगठ्यापेक्षा जड असणार. तेव्हा पायानं बाहेर काढलेलं अंगठ्यानं कसं आत जाईल, असं आपलं वाटलं."

पायाच्या जोराचं त्यांचं गणित ढोबळ होतं, पण मुद्दा खरा होता. नानांनी माळ्यावरून लोखंडी क्लॅम्प आणला. कधीकाळी पुस्तकांची मांडणी चिकटवताना फळ्या दाबून धरायला घेतलेला. दट्ट्यावर जुना पॅड आडवा ठेवला, त्यावर क्लॅम्प लावला आणि मी त्याचा स्क्रू सावकाश फिरवू लागलो. एक आटा, थोडं थांबायचं, पुन्हा एक आटा. घाई केली तर दट्ट्या तिरका होऊन अडकतो, हे मला ठाऊक होतं.

"जातोय!" नाना पोरासारखे ओरडले. "शिरीषराव, जातोय आत!"

तेवढ्यात गाडीच्या पुढच्या बाजूनं थेंब पडल्याचा आवाज आला. नाना उठून बॉनेटमध्ये डोकावले. "अहो, इकडं तेल वर येतंय! इथं आत जातंय आणि तिथं बाहेर येतंय!"

मी धावलो. ब्रेकच्या तेलाची डबी काठोकाठ भरून झाकणाखालून वाहत होती. दट्ट्या आत गेला की त्याच्यामागचं तेल उलटं डबीत येतं. पण डबीत त्याची जागा असायला हवी.

"यात तेल कुणी ओतलं?"

"मी. पातळी खाली गेली होती. दोनदा ओतलं. माठातलं पाणी कमी झालं की भरतो ना आपण, तसं."

"नाना, तेल संपत नव्हतं. पॅड झिजत होते. दट्ट्या पुढं सरकत होता आणि तेल त्याच्यामागं जात होतं."

नाना डबीकडे बघत राहिले. "म्हणजे झीज इकडं, आणि दिसते तिकडं," ते हळूच म्हणाले. मग एकदम भानावर येऊन, "काढायचं कसं आता?"

"मोठी सिरिंज असती तर ओढून काढलं असतं."

नाना आत गेले, ते बराच वेळ आलेच नाहीत. आले तेव्हा हातात एक मोठी सिरिंज होती. सासूबाईंना शेवटच्या दिवसांत नळीतून पेज भरवायची, ती. नानांनी ती तशीच धुऊन, पुसून ठेवली होती.

"ही खराब होईल, नाना. राहू द्या. फडक्यानं टिपू."

"होऊ द्या. काहीतरी कामाला तर येईल," ते म्हणाले आणि ती माझ्या हातात न देता स्वतःच तेल ओढू लागले. हात अजिबात थरथरत नव्हता. हा माणूस रोज सकाळी कुलूप काढून ज्या गाडीत बसतो, ती मी दुपारी घेऊन जाणार होतो.

तेल सांडलं होतं तिथं रंग जाऊ नये म्हणून पाणी ओतलं. नवे पॅड बसवले, दुसरं चाकही तसंच केलं. आता शेवटचं काम: ब्रेकचं पेडल दाबून दट्टे पॅडला भिडवायचे. मी गाडीत बसलो. पहिल्यांदा पाय थेट तळाला गेला. दुसऱ्यांदाही. मग हळूहळू पेडल घट्ट झालं. पाय उचलताना मला दिसलं की शेजारच्या सीटखाली, रबरी चटईच्या खाचांत, पांढरट बारीक दाणे पडलेत. खूप. चिमटीत घेतले. वाळू नव्हे. रवाही नव्हे. आमच्या धंद्यात असं करू नये, पण मी ते जिभेवर ठेवले.

खसखस.

खसखस घेऊन घाट उतरणारा भूगोलाचा मास्तर! मी पेडलवर पाय ठेवून तसाच बसलो. माझ्या सगळ्या नोकरीत असा पुरावा मला कधी सापडला नव्हता.

"शिरीषराव, हात धुवा," ओसरीवरून नानांची हाक आली. "पानं मांडलीत."

माजघरात खरंच पानं मांडली होती. पाटाभोवती रांगोळी काढली होती, थोडी वाकडीतिकडी. तो देवघरातलाच पाट. ग्रीस घासून काढायचा प्रयत्न केलेला दिसत होता. समईची वात लावलेली. पानात केंद्राच्या डब्यातली बटाट्याची भाजी होती, पण पुरणाचे धोंडे होते आणि आमरसही. नानांनी धोतर नेसलं होतं. अनुजा दारातच थांबली.

"बाबा, हे कुणी केलं?"

"बसा आधी."

आम्ही बसलो. नाना आतून एक चांदीचं ताट घेऊन आले. त्यावर विणलेला रुमाल होता, सासूबाईंच्या हातचा. ताटात तांब्याचं निरांजन जळत होतं. त्यांनी ते माझ्यापुढं ठेवलं, मला कुंकू लावलं आणि रुमाल काढला.

अनारसे. सोनेरी, जाळीदार, वर खसखस दाटून बसलेली. एकावर एक रचलेले. आणि सगळ्यात वर, मधोमध, नानांच्या गाडीची किल्ली.

अनुजानं एक अनारसा उचलला, उलटासुलटा बघितला, पुन्हा ठेवला.

"हे आईचे आहेत," ती म्हणाली. "म्हणजे आईसारखे. कुणी केले?"

"मी."

"बाबा, तुम्हाला चहा नीट येत नव्हता!"

"म्हणून तर माईकडे जावं लागलं. तुझ्या आईला तिनंच शिकवले होते." नाना भिंतीला टेकून खाली बसले. "तांदूळ तीन दिवस भिजवा, कुटा, गूळ घाला, ते मुरू द्या, सगळं जमलं. पण तळायला घेतले की तुपात हसायचे. फुटून सगळ्या कढईभर. इथं किती वेळा केले, किती टाकले, सांगत नाही. शेवटी माईला फोन केला. ती म्हणाली, 'मास्तर, अनारसा नकाशात बघून होत नाही. या इकडं.' गेलो. बोलून घेतलं तिनं पोटभर. पण शिकवलं."

"मनगट तुपानं भाजलं," मी म्हणालो.

"तुपानं. सायलेन्सर मला दुसरं काही सुचलं नाही म्हणून."

"पण घाटातून गाडीनं का?" अनुजाचा आवाज चढला. "एसटी नव्हती?"

"एसटीनंच गेलो होतो आधी. तिनं नमुन्याचे दिले होते, ते स्टँडवर उतरेपर्यंत डब्यात चुरा झाला. वाणात मोडका अनारसा चालत नाही. माईनं बजावलं होतं, तिच्या देखरेखीखाली तळायचे आणि अख्खे खाली न्यायचे. मग गाडी काढली. सीटवर चादर गुंडाळली, मधे डबा. वरपासून खालपर्यंत ब्रेकवरचा पाय उचलला नाही. गाडी बैलगाडीच्या वेगानं. मागचे लोक हॉर्न मारून मारून दमायचे. दर वेळी वाटेत काही ना काही मोडायचं. आधी निम्मे, मग चार-पाच. काल मात्र जवळजवळ खालपर्यंत सगळे नीट आले होते. शेवटच्या वळणावर ते ब्रेक किंचाळले, मी दचकलो, आणि एक मोडला." नाना किल्लीकडे बघत म्हणाले, "बत्तीस आहेत शिरीषराव. तेहतिसाव्याच्या जागी ही ठेवली. तशी तुम्ही ती न्यायलाच आला होतात."

समईची वात तडतडली. अनुजानं माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे.

"प्रसन्ननं सांगितलं?" तिनं विचारलं.

"कुणी कशाला सांगायला हवं? दारात गाडी असलेली माणसं एसटीनं आली. म्हणजे परत एसटीनं जाणार नाहीत." नाना हसले. "तपासणी काय एकट्या जावयालाच येते?"

"बाबा, असं नका देऊ," अनुजानं पदर डोळ्यांना लावला. "आम्हाला हवी होती ती तुमच्या काळजीपोटी. अशी नको."

"कशी का होईना. अगं, तुझी आई दवाखान्यात होती ना, तेव्हा एक दिवस म्हणाली, 'येत्या धोंड्याला जावयाचं वाण राहणार.' मी म्हणालो, राहणार नाही. बोलून गेलो. मग करावंच लागलं." त्यांनी हात झटकले. "झालं. आता वर जायचं काही कारण उरलं नाही, तेव्हा गाडीचंही काम नाही. घ्या शिरीषराव. वाण आहे. परत करायचं नसतं."

ते खरंच होतं. वाण परत करत नाहीत. मी ताटाला हात लावला, नानांच्या पाया पडलो, किल्ली उचलून खिशात टाकली आणि एक अनारसा तोंडात घातला. काय सांगू! कुरकुरीत, आत मऊ, गूळ बेताचा. समोरचा माणूस हात बांधून निकालाची वाट बघत होता, पण निकाल गाडीचा नव्हे, अनारशाचा.

"फर्स्ट क्लास," मी म्हणालो. नानांनी श्वास सोडला.

जेवण झालं. आमरस पोटात गेल्यावर माझं डोकं पुन्हा चालायला लागलं. गाडीत खोट नव्हती. माणसाच्या हातात खोट नव्हती, डोळ्यांत नव्हती. खसखशीसारखी बारीक वस्तू तो घाटातून सांभाळून आणत होता. मग तबकडी निळी पडेपर्यंत ब्रेक का धरावा लागत होता?

"नाना, घाट उतरताना गाडी कितव्या गिअरमध्ये असते?"

"गिअरमध्ये? छे! न्यूट्रलला. गिअरमध्ये टाकली की गुरगुरते, मागं ओढते, डबा हलतो. न्यूट्रलला कशी लोण्यासारखी येते."

अनुजानं कपाळाला हात लावला. मी मात्र खुशीत आलो. सापडलं होतं.

"म्हणजे अख्खी गाडी तुम्ही एका पायावर तोलून आणत होता. नाना, चला. माईमावशींना अनारसे द्यायला नकोत?"

"आत्ता? तुम्हाला पुण्याला निघायचंय ना?"

"गाडी माझी झाली ना? मग कुठं न्यायची ते मी ठरवणार. आणि चालवायची कुणी, तेही. तुम्ही चालवा."

आधी गावातल्या रस्त्यावर ब्रेक दोन-चारदा दाबून बघितले. छान लागत होते, आवाज नाही. मग वर गेलो. माईमावशी खुर्चीत बसून होत्या. डबा उघडून त्यांनी एकच प्रश्न केला, "किती मोडले मास्तर?"

"एक."

"हं," माईमावशी म्हणाल्या. बहिणीच्या नवऱ्याची एवढी स्तुती त्यांनी उभ्या जन्मात केली नसेल. निघताना त्यांनी त्यातलेच काही अनारसे आमच्या डब्यात परत घातले. रिकामा डबा कसा पाठवायचा?

उतरताना डबा चुंबळीत, चुंबळ माझ्या मांडीवर. अनुजा मागं, माझी सीट मुठीत धरून. घाटाच्या तोंडाशी मी म्हणालो, "दुसरा गिअर. पाय ब्रेकवरून काढा."

"काढला तर जाईल की ती!"

"जाणार नाही. इंजिन धरतंय. काढा."

नानांनी पाय उचलला. गाडी गुरगुरली आणि आपल्याच वजनाला लगाम घालून चालू लागली. नानांचा पाय दोनदा आपोआप ब्रेकवर गेला, दोनदा मी खाकरलो. पहिलं वळण आलं. "आता हलका दाबा. सोडा. वळा." गाडी वळली. डबा मांडीवर जरासुद्धा हलला नाही. तिसऱ्या-चौथ्या वळणाला नानांचे खांदे खाली आले. खाली धोमचं पाणी चमकत होतं, आणि नाना एकदम म्हणाले, "बघा, इतक्या वेळा आलो, पण हे धरण मी आज बघतोय." मागून अनुजानं माझी सीट सोडली.

घरी पोचल्यावर मी खाली उतरलो आणि पुढच्या चाकाजवळ हात नेला. कोमट होतं. डबा ओसरीवर उघडला. एकही मोडला नव्हता. अनुजा आत जाऊन प्रसन्नला फोन करत होती, "गाडी इथंच राहतेय," एवढंच मला ऐकू आलं, आणि मग, "नाही, मी बघितलंय ना मागं बसून."

मी किल्ली नानांपुढं धरली. त्यांनी हात मागं घेतले.

"असं कसं? वाण परत घेत नाहीत."

"परत कुठं देतोय? गाडी माझीच. सासरी ठेवतोय. वाणाची वस्तू सासरी ठेवू नये असं काही आहे का?"

नानांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. "मला नाही ठाऊक. ते माईलाच विचारायला हवं."

"मग विचारा की. फोनवर नको, जाऊन विचारा. दुसऱ्या गिअरमध्ये."

आम्ही संध्याकाळच्या एसटीनं पुण्याला परत आलो. त्याला आता दोन धोंडे उलटले. दोन्ही वेळा ताटावरचा रुमाल काढताना मी आधी वर किल्ली आहे का ते बघितलं, आणि मग अनारसे मोजले. दोन्ही वेळा पुरते तेहतीस भरले.